गुंडाळलं की नेसवलं

ओन्यिनासे गावात दोन मांडव समोरासमोर होते आणि दोन्ही एकाच घरचे. एका मांडवात बादू माग चालवायचा, दुसऱ्यात त्याची धाकटी बहीण दुफी खेळणी मांडून बसायची. मधे सावरीचं प्रचंड झाड. त्या झाडाच्या अलीकडून पलीकडे जाताना माणसांचा आवाजसुद्धा बदलायचा. मागाच्या मांडवात लोक हळू बोलत. बाईमाणसानं तर तिथं पाऊल टाकायचं नाही, मागाला हात लावायचा नाही, असा पूर्वापार नेम. खेळण्यांच्या मांडवात मात्र कुणीही यावं, कशालाही हात लावावा, मोडलं तर दुफीच्या शिव्या खाव्या आणि भरपाई देऊन जावं. गोगलगाईच्या शंखाचे भोवरे, बोटाएवढे ढोल, खळग्यांच्या पाटावर खेळायच्या बिया आणि लाकडी बाहुल्या, असा तिचा पसारा होता.

व्यवहार दोन्ही मांडवांचा दुफीकडेच होता. कापड भावाचं, पण भाव बहिणीचा, असं गावात गमतीनं म्हणत. सोन्याचा चुरा तोलायची पितळी वजनं तिच्या कमरेच्या पिशवीत असत: एक मासा, एक कासव, एक मान मागे वळवलेला पक्षी. बादूला किंमत विचारली तर तो मागावरून मान न उचलता म्हणायचा, "द्या काय द्यायचं ते." अशा माणसाच्या घरात एक तरी तिखट तोंड लागतंच.

बाहुल्या कोरायचा दुफीचा नवरा ब्रेन्या. तो गल्लीपलीकडे आपल्या आईच्या घरी राही, ही आपल्या भावाच्या घरी. आमच्याकडे संसार असाच चालतो आणि भांडणं कमी होतात. बादूच्या मागाची कप्पीसुद्धा ब्रेन्याच कोरून देई. संध्याकाळी दुफीनं पाठवलेला रश्शाचा वाडगा पोचला की त्याची जगाबद्दल काही तक्रार नसे.

तर सांगायची गोष्ट बादूच्या नक्षीची.

बादूचा बाप विणकर होता आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या नक्ष्या विणत मेला. बादूही तेच करत आला होता. पण गेले तीन पावसाळे त्याच्या डोक्यात एक नवी नक्षी घोळत होती आणि आता ती हातात उतरत होती. नवी नक्षी निघाली की ती आधी राजधानीला, कुमासीला, राजाच्या डोळ्यांसमोर न्यायची, ही रीत लहान पोरालाही ठाऊक. राजानं ती आपल्या खांद्यावर घेतली तर विणकराचं सोनं झालं. त्याचं नाव राजवाड्याच्या विणकरांत जातं आणि ती नक्षी राजाची होते. पण त्याआधी ती कुणी अंगाला लावली असेल तर ती उतरलेली. उतरलेल्या कापडाकडे राजा बघत नाही आणि ते आणणाऱ्याला सोडतही नाही.

बादूकडे दुसरी संधी नव्हती. त्याची नजर उतरणीला लागली होती. पिवळा धागा आणि पांढरा धागा ओळखायला तो लडी नाकापर्यंत नेई. हे घरात दुफीलाच माहीत होतं, कारण लडी तीच भरून द्यायची आणि कुठला रंग कुठल्या हाताला ठेवलाय ते मांडवाबाहेरून ओरडून सांगायची. गावाला वाटे, बहीण भावावर हुकूम चालवते.

नक्षीतलं लाल रेशीम तर दुफीच्याच बोटांतून गेलेलं. समुद्राकाठचा व्यापारी एजिर गोऱ्यांच्या जहाजावरची रेशमी ठाणं घेऊन येई. गोरे तेव्हा अजून किनाऱ्यावरच्या गढ्यांतच होते. ते एवढं चांगलं कापड आणत आणि आमच्या बाया ते अंगणात बसून धागा धागा उसवत. एजिर डोक्याला हात लावायचा. "अगं, विणलेलं-रंगवलेलं आणून देतो आणि तुम्ही ते पिंजून टाकता!" दुफी म्हणायची, "त्यांना विणता येत नाही त्याला आम्ही काय करणार? रंग मात्र बरा देतात."

मोठं कापड मागावर चढवण्याआधी बादूनं नमुन्याचा एक पट्टा विणला. आमचे माग अरुंद. पट्टा चार बोटं रुंद निघतो आणि असे पुष्कळ पट्टे काठाला काठ लावून शिवले की एक कापड होतं. त्यानं तो पट्टा मांडवाच्या उंबऱ्यावरून बहिणीच्या हातात दिला.

"बघ आणि पेटीत ठेव. मोठं झालं की नमुना उसवायचाय. रेशीम वाया घालवायला आपण काय राजे नाही."

दुफीनं पट्टा उन्हात धरला आणि तिचं तोंड उतरलं. लाल जमिनीवर पिवळ्या पायऱ्या होत्या, पण त्या मधेच तुटत. कुठं अर्ध्यावर थांबलेल्या, कुठं काठाशी जाऊन नाहीशा झालेल्या. मोजणारा झोपेत मोजत असावा तसं ते दिसत होतं. तिला वाटलं, झालं, डोळ्यांनी दगा दिला.

"दादा," ती जपून म्हणाली, "इथं काही चुकलं का रे?"

बादू क्वचित हसायचा. तो हसला. "पट्ट्यात काय कळतंय? नेसल्यावर कळेल."

"कुणी नेसल्यावर?"

"ज्याच्यासाठी आहे त्यानं."

बस, एवढं म्हणून तो आत गेला. आता सांगा, हे असं अर्धं बोलून निघून जाणं ही पुरुषांची जुनी खोड. बायकांना भोचक म्हणतात, पण त्यांच्या पोटात कुतूहलाची ठिणगी टाकतं कोण? दुफीनं पट्टा पेटीत ठेवला. आणि पेटीवरून तिचं मन काही उठेना.

काही दिवसांनी बादू शेजारच्या गावी मयताला गेला. भर दुपार होती. दुफीनं पेटी उघडली. कापायचं तर नाही, रेशीम परत लागणार. म्हणून तिनं तो लांबलचक पट्टा मागं-पुढं दुमडत नेला आणि काठाला काठ लावून सैल टाके घातले. हातरुमालाएवढं कापड तयार झालं. माणसाला ते कशालाच पुरलं नसतं. पण तिच्यासमोर ब्रेन्यानं सकाळीच आणून टाकलेली बाहुली होती: मोठं गोल कपाळ, मानेवर वळ्या, मिटल्यासारखे डोळे. दुफीनं ते कापड बाहुलीला नेसवलं. बाईसारखं नाही, पुरुषासारखं. उजवा खांदा उघडा आणि पदर डाव्या खांद्यावरून मागं टाकलेला.

आणि मग तिनं बाहुली तळहातावर उभी करून उन्हात फिरवली.

एका पट्ट्यात तुटलेली पायरी शेजारच्या पट्ट्यात पुन्हा उगवत होती. चुणीत शिरत होती आणि चुणीच्या दुसऱ्या अंगानं बाहेर येत होती. हात जरा हलला की सगळ्या पायऱ्या एकदम हलत. कापड चालत होतं! दुफीनं जन्मभर कापडं विकली होती, पण तिच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी आलं. आपला हा मुखदुर्बळ भाऊ, ज्याला मिरची मागायचीसुद्धा लाज वाटते, त्याच्या डोक्यात इतके दिवस हे चालत होतं आणि आपण त्याला विचारलं, चुकलं का रे! त्या वीतभर लाकडापुढं तिला उभं राहावंसं वाटलं. ती खरंच उठून उभी राहिली.

तेवढ्यात हमालांचा गलका ऐकू आला. एजिर ठरल्यापेक्षा आधी येऊन टपकला होता.

परक्या व्यापाऱ्याच्या नजरेला नवी नक्षी पडली असती तर आठवड्यात समुद्रापर्यंत बोभाटा. दुफीनं बाहुली जवळच्या टोपलीत टाकली, वर भोवरे ओतले आणि तोंड पुसून बाहेर आली.

"वाळलीस गं दुफी," एजिर म्हणाला. "नवरा जेवायला घालत नाही वाटतं?"

"मी घालते त्याला. तू बस. पाणी पी आणि बोट पारड्यावरून काढ, अजून तराजू लावलाही नाही मी."

"ऐका! समुद्राकाठी माझ्या शब्दावर लोक जहाज भरून देतात आणि इथं माझं बोट चोर."

"बोट चोर नाही रे. जड आहे."

घासाघीस झाली. एजिरनं लाल रेशमाची ठाणं उतरवली, दुफीनं जुन्या नक्षीची कापडं दिली आणि वर खेळणी. एजिरला कुमासीच्या बाजारात खेळणी हवीच असत. राजवाड्यातल्या बायका पोरांसाठी ती घेत आणि त्या ओळखीवर त्याचं रेशीम खपे. मासा पारड्यात पडला, कासव पडलं, शेवटच्या चिमूटभर चुऱ्यावरून दोघांनी एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार केला आणि सुपारीसारखं कोलाचं बी फोडून सौदा पक्का केला. हमालांनी टोपल्या उचलल्या. टोपल्या सगळ्या एकसारख्या. विणणारी एकच म्हातारी.

ते गेल्यावर दुफीनं राहिलेली टोपली उपडी केली. त्यातून ढोल निघाले, बिया निघाल्या. भोवरे नव्हते.

ती धावली. नदीपर्यंत धावली. होडी पलीकडे लागून रिकामी परत येत होती. नावाड्यानं विचारलं, "काय राहिलं का बाई?" ती म्हणाली, "काही नाही." आणि हे "काही नाही" तिनं घरी नेलं. बादू परतला तेव्हा त्यानं विचारलं, पट्टा पेटीत आहे ना. ती म्हणाली, "कुठं जातोय?" उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ती जीभ त्यानंतर तिला अन्नही गोड लागू देईना.

बादूनं मोठं कापड पुरं केलं. शुक्रवारी आरंभ नाही, शुक्रवारी शेवट नाही, सगळं रीतीनं. नमुना उसवायचं काम दुफीनं काहीतरी कारण काढून पुढं ढकललं. येत्या मोठ्या पूजेच्या दिवशी ते घेऊन कुमासीला जायचं ठरलं. दुफी मनाशी म्हणत होती, बाहुली कुठल्या तरी खेड्यात गेली असेल, चिखलात पडली असेल, कुत्र्यानं नेली असेल. आपल्या हातची वस्तू कुत्र्यानं न्यावी म्हणून पूर्वजांना दारू वाहणारी ती पहिलीच खेळणीवाली असेल.

पूजेच्या आधीच गावात सोन्याच्या मुठीची तलवार घेतलेला माणूस आला. ती तलवार दिसली की राजाच आला असं समजायचं. गाव रस्त्याच्या कडेला वाकलं. बादूला वाटलं, कापडाची बातमी पोचली, आपल्याला बोलावणं आलं. त्यानं घाईघाईनं धुतलेलं कापड अंगावर घेतलं. घाईत ते उलटं घेतलं.

तलवारवाला म्हणाला, "तू नवी नक्षी विणलीस ती घे. आणि खेळणी विकणारी बाई कोण? तिलाही घे. राजवाड्यात एक बाहुली आली आहे."

बादूनं बहिणीकडे पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिथंच, तलवारीसमोर, तिनं त्याला सगळं सांगितलं. तो रागावला असता, ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त कापडाचं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. कुमासीपर्यंत तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही.

राजवाड्याच्या बाहेरच्या चौकात एजिर बसलेला होता, घामानं थबथबलेला. त्यालाही धरून आणलं होतं आणि ओन्यिनासेचं नाव त्याच्याच तोंडून काढलं होतं. पहारेकऱ्याची पाठ वळताच तो दुफीकडे सरकला.

"ऐक, रडू नको. आत एकच प्रश्न आहे. बाहुलीला ते कापड गुंडाळलं की नेसवलं? गुंडाळलं असेल तर ते सामान. वाटेत लाकडाला ओरखडा पडू नये म्हणून कुणीही चिंधी गुंडाळतं. गुन्हा नाही, नक्षी कोरी, तुझ्या भावाचं नशीब उघडलं. नेसवलं असेल तर नेसणारा आला. मग नक्षी उतरली आणि आपण तिघंही गेलो. कापड तेच, बाहुली तीच. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

"आणि खरं काय ते?"

"खरं तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? आम्ही समुद्राकाठचे लोक, दुफी. शब्द वळवला की जहाज वळतं."

बादू ऐकत होता.

मग त्यांना आत नेलं. दुफीनं कुमासीबद्दल लहानपणापासून ऐकलं होतं आणि त्यातलं अर्धं लोकांनी लावलेला मीठमसाला समजून सोडून दिलं होतं. आता तिला कळलं की लोकांनी उलट हात राखून सांगितलं होतं. छत्र्या, एकेक छत्री एका घराएवढी, वरखाली डोलत होत्या आणि त्यांच्या सावल्या जमिनीवर श्वास घेतल्यासारख्या हलत होत्या. सरदारांच्या दंडांवर एवढं सोनं की हात उचलायला शेजारी पोऱ्या हवा. जन्मभर ती चिमटीनं सोनं तोलत आली होती. इथं ते लोकांनी नुसतं अंगावर टाकलं होतं. ढोल थांबले तेव्हा शेकडो माणसं असूनही एका लहान मुलाचं खोकणं ऐकू आलं. दुफीची नजर वर जाईना. तिला राजाची फक्त पावलं दिसली, चौरंगावर ठेवलेली, सोन्याचे पट्टे असलेल्या वहाणांत. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी तिच्या छातीत भरलं होतं. आपण किती लहान आहोत हे कळूनही वाईट वाटू नये, असं ते होतं.

राजा स्वतः बोलत नाही. त्याच्या शेजारी सोन्याची काठी धरून एक म्हातारा उभा असतो. राजाचं कुजबुजणं तो मोठ्यानं सांगतो आणि आपलं बोलणं राजाकडे पोचवतो, गोड करून.

"विणकर, कापड उघड," म्हातारा म्हणाला.

बादूनं गाठोडं सोडलं. दोन माणसांनी कापड टोकांना धरून उचललं आणि झुळूक आली म्हणा की त्यांचे हात थरथरले म्हणा, कापड चालू लागलं. तुटलेल्या पायऱ्या पट्ट्या-पट्ट्यांतून उगवत, बुडत, चढत गेल्या. सरदारांच्या रांगेतून "हं" असा एकच आवाज निघाला. सोन्यानं लगडलेली ती माणसं पुढं वाकून बघत होती. दुफीला वाटलं, बघा! हा माझा भाऊ! आणि लगेच आठवलं की आपण काय करून बसलोय.

"आता बाहुली," म्हातारा म्हणाला.

बाहुली एका मुलीच्या पाठीवर होती. राजाच्या बहिणीची नात, पाच-सहा वर्षांची, सेरवा नावाची. आया पोर बांधतात तशी तिनं बाहुली पाठीला बांधली होती आणि ती कुणाच्याच हातात द्यायला ती तयार नव्हती. सेवक पुढं झाला तर तिनं त्याला चावा घेतला. शेवटी म्हाताऱ्यानंच पोरीला काठीजवळ उभं केलं आणि पाठमोरं वळवलं. त्या वीतभर कापडावर दुफीचे टाके जसेच्या तसे होते. डाव्या खांद्यावर टाकलेला पदरही पोरीनं हलवला नव्हता.

"बाई, हे कापड तू या लाकडाला लावलंस?"

"हो."

"नीट ऐक. सिंहासनासमोर उभी आहेस. गुंडाळलंस की नेसवलंस?"

तिच्या मागं एजिर होता. शेजारी बादू होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोही तिच्याकडे बघत होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याच्या डोळ्यांत तिला काही वाचता येईना. ते डोळे हल्ली कुणापर्यंतच नीट पोचत नसत. गुंडाळलं म्हणायचं. एक शब्द. त्याचे तीन पावसाळे वाचतील, त्याचं नाव लागेल, बापाच्या हाडांना बरं वाटेल. तिनं तोंड उघडलं. आणि तिला ती दुपार आठवली. तळहातावरचं ते वीतभर लाकूड आणि आपण उठून उभं राहिलो ते. चिंधी गुंडाळली म्हटलं तर ते कापड चिंधी होतं. त्याच्या कापडाला चिंधी म्हणून त्याला काय वाचवायचं?

"नेसवलं," ती म्हणाली.

बादूनं डोळे मिटले.

चौकात कुजबुज उठली. म्हाताऱ्यानं काठी आपटली. "बाहुली बाईच्या रूपाची आहे. नेसवलंस मात्र पुरुषासारखं. ही काय थट्टा?"

"थट्टा नाही, आजोबा," दुफी म्हणाली. "भावानं सांगितलं, नेसल्यावर कळेल. मला राजाच्या खांद्यावर ते कसं दिसेल ते बघायचं होतं. आता राजा कुठून आणू मी? हाताशी बाहुली होती."

मग चौरंगावरच्या त्या वहाणा जरा हलल्या. वरून एक दबलेला आवाज आला. राजा हसत होता. राजा हसला की सरदारांनाही हसता येतं. छत्र्यांखालून हसू पसरत गेलं आणि हळूहळू विरलं. राजा म्हाताऱ्याच्या कानाशी बराच वेळ बोलला. म्हातारा ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून जागा बदलत होत्या.

"राजा म्हणतो," त्यानं सुरुवात केली, "एकदा नेसलेलं पुन्हा पहिल्यांदा नेसता येत नाही. हे कापड राजा घेणार नाही."

बादूचे खांदे खाली आले. दुफीनं त्याचा हात धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

"राजा म्हणतो, जो पहिल्यांदा नेसला त्याची नक्षी. ही बाहुली नेसली. बाहुली लेकराची आहे. म्हणून आजपासून ही नक्षी लेकरांची. कुणी सरदार, कुणी सावकार, कुणी सेनापती ती अंगाला लावणार नाही. राजाही नाही. आठव्या दिवशी मूल घराबाहेर आणतात, त्याला नाव देतात, तेव्हा ते हीच नक्षी नेसेल. हे मोठं कापड राजवाड्यात राहील. ज्या घरी मूल जन्मेल, त्या घरी यातला एक पट्टा उसवून जाईल. कापड संपेल तेव्हा ओन्यिनासेचा विणकर पुढचं विणेल, आणि राजाच्या घरचं रेशीम घेऊन विणेल."

मग म्हातारा स्वतःचंच सांगतोय असं हळू म्हणाला, "राजा म्हणतो, लेकराला आभाळ कुणी दाखवावं लागत नाही, ते त्याला आपसूक दिसतं. हे आम्ही सगळे म्हणतो. या नक्षीचं आभाळही एका लेकरानं आमच्या आधी पाठीवर बांधून आणलं. आमच्यामागून जे या सिंहासनावर बसतील ते सगळे सोनं नेसण्याआधी हे नेसतील. राजा विचारतो, विणकर, तुला राग आला का?"

बादूनं जमिनीला कपाळ टेकलं आणि तो तसाच राहिला. सेरवा एवढा वेळ पाठमोरी उभी राहून कंटाळली होती. ती बाहुलीसकट पळत सुटली आणि छत्र्यांच्या सावल्यांतून दिसेनाशी झाली.

बाहेर आल्यावर एजिरला आधी हसू आलं, मग उचकी लागली, मग धंदा आठवला. "वेडे आहात दोघं. पण ऐक दुफी, राजा एकच असतो. पोरं रोज जन्मतात! पट्ट्यांबरोबर बाहुल्याही पाठव. नेसवून पाठव. माझं रेशीम मात्र आता खपणार नाही तुझ्याकडे."

"खपेल. जुन्या नक्ष्यांना लागेलच. भाव मी सांगेन."

"तुझा भाव! त्यापेक्षा राजाची शिक्षा बरी होती."

परतीच्या वाटेवर बादू पुढं चालत होता, दुफी मागं. डोक्यावर आता गाठोडं नव्हतं तरी त्याची मान अजून तशीच ताठ होती. दुफीला वाटलं, राजानं सोडलं, पण हा काही मला सोडणार नाही. त्याचं नाव लागलं खरं, पण राजाच्या खांद्यावर त्याचं कापड कधीच बसणार नाही, आणि ते आपल्यामुळं.

नदीशी होडी पलीकडे होती. बादू काठावरच्या दगडावर बसला. पाण्याकडे बघत होता, म्हणजे पाण्याच्या दिशेला.

"दुफी."

"काय दादा?"

"ती पोर लांब उभी होती. मला नीट दिसलं नाही. मोठं कापड त्यांनी नुसतं ताणून धरलं होतं. नेसलेलं मी पाहिलंच नाही. तूच एक पाहिलंस." आणि मग मिरची मागावी इतक्या संकोचानं त्यानं विचारलं, "कसं दिसत होतं गं?"

दुफी त्याच्या शेजारी बसली. रडू आवरत तिनं तळहात पुढं धरला, त्यावर बाहुली आहे असं समजून तो उन्हात फिरवला आणि सांगायला लागली. पायरी कुठं बुडते, चुणीतून कुठं वर येते, खांद्यावर कशी चढते. होडी आली, ते बसले, पलीकडे उतरले. गाव येईपर्यंत ती सांगत होती आणि बादू मधेमधे म्हणत होता, "परत सांग."